मुंबई ओपन महिला टेनिस: सामन्यांचा अंदाज आणि सट्टा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई ओपनचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, जाहीर झाला की टेनिस पाहणाऱ्यांचे दोन प्रश्न हमखास येतात. कोण जिंकेल, आणि पैसे कुठे लावायचे? पहिल्याचं उत्तर इथे सविस्तर दिलं आहे, कारण अंदाज बांधण्यात खेळ समजून घेण्याचा खरा आनंद आहे. दुसऱ्याचं उत्तर आधीच सांगते: लावू नका. त्यामागे कायदा आहे, साधं गणित आहे, आणि कोर्टवर खेळणाऱ्या मुलीही आहेत. तिन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

मुंबई ओपन ही नेमकी कोणत्या दर्जाची स्पर्धा आहे?

महिलांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये सगळ्यात वर ग्रँड स्लॅम. तिथे विजेतीला क्रमवारीचे 2000 गुण मिळतात. त्याखाली डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या 1000, 500 आणि 250 दर्जाच्या स्पर्धा, आणि त्याही खाली डब्ल्यूटीए 125. मुंबईतली स्पर्धा या 125 च्या पायरीवरची. विजेतीला 125 गुण, उपविजेतीला 81, उपांत्य फेरीत हरणारीला 49, उपांत्यपूर्व फेरीत हरणारीला 27, दुसऱ्या फेरीत हरणारीला 15. पहिल्याच फेरीत हरली तर एक गुण.

सामने चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, म्हणजे सीसीआयच्या हार्ड कोर्टवर होतात. स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. 2017 आणि 2018 मध्ये स्पर्धा झाली, मग मोठा खंड पडला आणि 2024 मध्ये ती फेब्रुवारीत परत आली. ऑस्ट्रेलियन ओपन नुकतीच संपलेली असते. 2024 आणि 2025 मध्ये त्याच आठवड्यात अबू धाबीला 500 दर्जाची स्पर्धा होती. साहजिकच पहिल्या पन्नासातल्या अनेक जणी तिकडे जातात आणि मुंबईला येतात त्या साधारण ऐंशीपासून अडीचशे-तीनशेपर्यंतच्या क्रमांकाच्या. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर पुढचे अर्धे अंदाज सोपे होतात.

यातली बहुतेक नावं आम्हाला माहीत नसतात. मग पाहायचं कशासाठी?

2017 ची विजेती कोण होती ते पाहा. बेलारूसची आरिना सबालेन्का, तेव्हा 19 वर्षांची आणि पहिल्या शंभराच्या काठावर उभी. अंतिम सामन्यात तिने स्लोव्हेनियाच्या दालिला याकुपोविचला 6-2, 6-3 असं हरवलं. त्या वेळी सीसीआयच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी पुढची ऑस्ट्रेलियन ओपनची 2023 आणि 2024 ची, अमेरिकन ओपनची 2024 आणि 2025 ची विजेती आणि जगातली अव्वल खेळाडू हाताच्या अंतरावरून पाहिली. एवढ्या जवळून ती पुन्हा कुणाला दिसणार? या दर्जाच्या स्पर्धेची हीच श्रीमंती. इथे काही जणी वर चढत असतात, काही जणी दुखापतीनंतर परत येत असतात, आणि दोघींनाही प्रत्येक गुण हवा असतो.

ड्रॉ कसा वाचायचा?

एकेरीत 32 खेळाडू, त्यातल्या 8 मानांकित, म्हणजे क्रमवारीत सगळ्यात वरच्या. अव्वल आणि दुसरी मानांकित ड्रॉच्या दोन टोकांना, त्यामुळे त्यांची गाठ फक्त अंतिम फेरीत. मानांकित खेळाडू एकमेकींना उपांत्यपूर्व फेरीच्या आधी भेटत नाहीत. जेतेपदासाठी पाच सामने जिंकावे लागतात.

बहुतेक लोक फक्त मानांकित नावं पाहतात. मी आधी मानांकित नसलेल्यांवर नजर टाकते. यादीत काही वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही आयोजकांनी दिलेले थेट प्रवेश असतात, त्यातले बरेच भारतीय मुलींना. काही जणी पात्रता फेरीतून येतात. पात्रता फेरीतून आलेली म्हणजे दुबळी, असं धरून चालण्यासारखी दुसरी चूक नाही. ती मुख्य फेरीच्या आधी याच कोर्टवर, याच चेंडूंनी, याच हवेत सामने जिंकून आलेली असते. तिच्यासमोरची मानांकित मात्र दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेली. 2025 मध्ये कोइम्बतूरची 15 वर्षांची माया राजेश्वरन रेवती पात्रता फेरीतून वर आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिला अखेर हरवलं ते पुढे विजेती ठरलेल्या जिल टाइखमनने.

सूचना एकच. पात्रता फेरीतल्या जागा मुख्य ड्रॉमध्ये आधी रिकाम्या दिसतात आणि नावं नंतर भरली जातात. तुमचा अंदाज ती नावं भरल्यावर लिहा.

रँकिंगवर किती भरवसा ठेवायचा?

रँकिंग ही मागच्या 52 आठवड्यांची बेरीज आहे. आज ती खेळाडू कशी खेळते आहे, हे त्यातून अर्धंच कळतं. सहा महिने दुखापतीने घरी बसलेली खेळाडू खाली घसरते, पण हातातला खेळ जात नाही. उलट दहा महिन्यांपूर्वीच्या एका चांगल्या आठवड्यावर कुणी वर टिकून असते आणि ते गुण लवकरच गळणार असतात.

स्वित्झर्लंडची टाइखमन 2025 मध्ये मुंबईला आली तेव्हा पहिल्या शंभराच्या बाहेर होती. पण ती 2021 ची सिनसिनाटीची अंतिम फेरी खेळलेली, एकेकाळी जगात 21 व्या क्रमांकावर पोहोचलेली डावखुरी खेळाडू. केवळ त्या आठवड्याचा क्रमांक पाहणाऱ्याला ती सामान्य वाटली असती. तिने अंतिम सामना थायलंडच्या मनांचया सवांगकेवविरुद्ध 6-3, 6-4 असा जिंकला.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण 2024 चं. अव्वल मानांकित अमेरिकेची केला डे पहिल्याच फेरीत भारताच्या सहजा यमलापल्लीकडून हरली. सहजा तेव्हा क्रमवारीत कितीतरी खाली होती. म्हणून प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: आजचा क्रमांक, कारकिर्दीतला सर्वोत्तम क्रमांक आणि मागच्या दोन महिन्यांत हार्ड कोर्टवर जिंकलेले-हरलेले सामने. या तिघांत मोठी तफावत दिसली की तिथे थांबून शोध घ्या.

मुंबईच्या हवेचा खेळावर काय परिणाम होतो?

बराच होतो, आणि बाहेरच्या कुठल्याही पूर्वावलोकनात तो लिहिलेला नसतो. फेब्रुवारीत सकाळ सुखद असते, दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि दुपारनंतर समुद्राकडून वारं सुटतं. सीसीआय मरीन ड्राइव्हपासून फार दूर नाही. सर्व्हसाठी चेंडू उंच फेकणाऱ्या खेळाडूला ते वारं त्रास देतं. अशा वेळी दुहेरी चुका, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून गमावलेले गुण, मोजायला लागा. तापलेल्या हवेत चेंडू जोरात उडतो, सपाट आणि जोरकस फटके मारणारीला त्याचा फायदा होतो, पण ताबा सुटला की तेच फटके रेषेबाहेर जातात. संध्याकाळी हवा उतरली की रॅली लांबतात आणि परतवत राहणारीचं पारडं जड होतं.

प्रवासही मोजायला हवा. मेलबर्न आणि मुंबई यांच्या घड्याळात त्या दिवसांत साडेपाच तासांचा फरक असतो, तर मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. ऑस्ट्रेलियात पात्रता फेरीतच हरलेली खेळाडू दोन आठवडे मोकळी असते आणि ताजीतवानी येते. त्याआधीच्या रविवारी दुसऱ्या देशात अंतिम सामना खेळून सोमवारी-मंगळवारी मुंबईत कोर्टवर उतरणारी थकलेली असते. युरोपातल्या हिवाळी इनडोअर कोर्टवरून थेट आलेलीला पहिल्या सामन्यात ऊन सोसत नाही. वेळापत्रकात सामना दुपारचा आहे की दिवे लागल्यावरचा, हे पाहून मी माझा अंदाज बदलते.

आधीच्या अंतिम सामन्यांतून काही नियम काढता येतो का?

2025 पर्यंतचे चार निकाल डोळ्यांसमोर आहेत. 2017 आणि 2025 चे सामने सरळ दोन सेटमध्ये संपले. 2018 मध्ये थायलंडची लुक्सिका कुमखुम रशियाच्या इरिना क्रोमाचेवाविरुद्ध पहिला सेट 1-6 असा हरली आणि पुढचे 6-2, 6-3 जिंकून विजेती झाली. 2024 मध्ये लॅटव्हियाच्या दार्या सेमेनिस्तायाने ऑस्ट्रेलियाच्या स्टॉर्म हंटरविरुद्ध 5-7 ने मागे पडून दुसरा सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये, खेचला आणि तिसरा 6-2 घेतला. चारपैकी दोन वेळा पहिला सेट हरलेली जिंकली. चार सामन्यांवरून नियम करणं चूक, पण पहिल्या सेटनंतर टीव्ही बंद करू नये एवढं नक्की.

2024 च्या सामन्यात लक्षात घेण्यासारखं आणखी काही होतं. हंटर ही दुहेरीत जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान गाठलेली खेळाडू. सेमेनिस्ताया आधीच्या वर्षी खालच्या दर्जाच्या कितीतरी स्पर्धा जिंकत वर आलेली. एका बाजूला मोठ्या कोर्टचा अनुभव, दुसऱ्या बाजूला भराभर सामने जिंकण्याची सवय. या पायरीवर सवयीला कमी लेखू नये.

दोघींच्या खेळाची जोडी कशी पाहायची?

नुसतं कोण चांगली, हा प्रश्न अपुरा आहे. कुणासमोर चांगली, हे विचारा. डावखुरीची सर्व्ह डाव्या बाजूच्या चौकटीत उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडपासून बाहेर वळत जाते. 30-40 सारख्या नाजूक गुणांवर सर्व्ह त्याच बाजूने होत असल्याने डावखुरीला तिथे आधार मिळतो. म्हणून टाइखमनसारख्या खेळाडूपुढे समोरच्या मुलीचा बॅकहँड कसा आहे, हे आधी पाहायचं.

दुसरी सर्व्ह हा माझा सगळ्यात आवडता मापदंड. या दर्जाच्या महिला टेनिसमध्ये सर्व्ह भेदली जाण्याचं, म्हणजे सर्व्ह करणारीने तो गेम हरण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं. ज्या मुलीची दुसरी सर्व्ह सेवाचौकटीच्या मध्यावर हळूच पडते, तिच्यावर समोरची आत येऊन तुटून पडते. पहिल्या दोन गेममध्ये समोरची परतीसाठी बेसलाइनच्या किती आत उभी राहते ते पाहा.

दुहेरीचा अंदाज बांधता येतो का?

फार कमी. दुहेरीत 40-40 झालं की पुढचा एकच गुण गेम ठरवतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळतात. नशिबाचा वाटा वाढतो. जोड्याही अनेकदा त्याच आठवड्यापुरत्या जमलेल्या. पण पाहायला दुहेरी फार सुंदर. नेटजवळची घाई समोरून बघितली की टीव्हीवर काय हरवतं ते कळतं.

भारतीय मुलींकडून किती अपेक्षा ठेवायची?

मनापासून ठेवा. अंकिता रैना कितीतरी वर्षं पुण्यात सराव करून घडली. ऋतुजा भोसलेने हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने दुहेरीत नाव कमावलं, पुण्याची वैष्णवी आडकर आता वर येते आहे. श्रीवल्ली भामिडीपाटी, सहजा, माया ही पुढची फळी. अंदाज लिहिताना मात्र प्रेम बाजूला ठेवावं लागतं. घरच्या प्रेक्षकांचा आधार मिळतो तसं दडपणही येतं. सामना अटीतटीचा असेल तर मी भारतीय खेळाडूला थोडं झुकतं माप देते, दोन पायऱ्यांचं अंतर असेल तर देत नाही. टाळ्या मात्र दोन्ही वेळा तितक्याच वाजवते.

भाव म्हणजे काय? 1.60 आणि 2.30 यांचा अर्थ कसा लावायचा?

हे कळणं गरजेचं आहे, कारण परदेशी संकेतस्थळांवरचे आकडे पूर्वावलोकनांत सर्रास छापले जातात. 1.60 म्हणजे 100 रुपये लावले आणि ती जिंकली तर 160 परत, नफा 60. या आकड्यातून शक्यता काढायची तर 1 ला भावाने भागा. 1 भागिले 1.60 म्हणजे 62.5 टक्के. 1 भागिले 2.30 म्हणजे सुमारे 43.5 टक्के. बेरीज करा: 106. पण दोघींपैकी एकच जिंकणार, म्हणजे बेरीज 100 हवी. वरचे 6 हा भाव देणाऱ्याचा हिस्सा. कोणीही जिंकलं तरी तो त्याच्याकडेच. मुंबईतला बुकी लावण्याचा (ती जिंकेल यावरचा) आणि खाण्याचा (ती हरेल यावरचा) भाव वेगळा ठेवतो आणि मधलं अंतर स्वतःकडे घेतो, त्याचंही सूत्र हेच.

कमी प्रसिद्ध स्पर्धांत हा हिस्सा सहसा मोठा असतो, कारण भाव काढणाऱ्यालाही खेळाडूंची पुरती माहिती नसते आणि तो आपली जोखीम भरून काढतो.

मी टेनिस इतकं बारकाईने पाहतो. मला फायदा होणार नाही का?

जवळजवळ नक्कीच नाही. तुम्हाला जिंकायचं असेल तर नुसता बरोबर अंदाज पुरत नाही, भावात दडलेल्या अंदाजापेक्षा तुमचा अंदाज त्या 6 टक्क्यांहून अधिक अचूक लागतो, आणि तोही शेकडो सामन्यांत. समोर संगणकावर प्रत्येक सामन्याची आकडेवारी चालवणारी माणसं असतात. त्यातूनही कुणी सातत्याने जिंकू लागला तर अनेक कंपन्या त्याच्या रकमेवर मर्यादा घालतात. हरणाऱ्यावर तशी मर्यादा येत नाही.

शिवाय या पायरीवर जी माहिती निकाल ठरवते ती तुमच्यापर्यंत येतच नाही. काल रात्री पोट बिघडलं, मनगटाला पट्टी बांधली, प्रशिक्षक सोबत आला नाही. हे तिच्या खोलीतल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असतं. आणि खेळाडूने मध्येच सामना सोडला तर पैसे परत की बुडाले, याचे नियमही कंपनीगणिक वेगळे.

पाच खात्रीच्या खेळाडू एकत्र लावल्या तर मोठी रक्कम मिळते, असं सांगतात. खरं आहे का?

रक्कम मोठी दिसते म्हणूनच ती पुढे केली जाते. समजा पाचही जणींची जिंकण्याची खरी शक्यता 70 टक्के आहे. पाचही जिंकण्याची शक्यता फक्त 16.8 टक्के. आता भाव 1.35 असेल तर पाच भावांचा गुणाकार 4.48 येतो, प्रत्यक्षात तो 5.95 असायला हवा होता. एकेका सामन्यावर 100 रुपयांमागे सरासरी साडेपाच रुपये जात होते, एकत्र लावल्यावर सुमारे 25 जातात. बुकीचा हिस्सा पाच वेळा वसूल होतो.

सामना चालू असताना लावण्यात तरी काही हाती लागतं?

तिथे तोटा सगळ्यात वेगाने होतो. तुमच्या फोनवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं. स्कोअर पंचाच्या हातातल्या यंत्रातून थेट पुढे जातो आणि तुम्ही गुण पाहता तोवर भाव बदललेला असतो. प्रेक्षकांत बसून फोनवरून बाहेर स्कोअर कळवणाऱ्यांना जगभर स्पर्धांतून बाहेर काढलं जातं, ते याच सेकंदांच्या खेळामुळे. सर्व्ह वारंवार भेदली जात असल्याने भाव दर दोन मिनिटांनी उलटतो आणि हरलेलं लगेच भरून काढण्याचा मोह होतो. दर गुणाला नवा मोह.

टेलिग्रामवर एकजण सलग पाच सामने बरोबर सांगतो. तो कसं ओळखतो?

ओळखावं लागतच नाही. 3200 जणांना पहिल्या सामन्याचा अंदाज पाठवा, निम्म्यांना एकीचं नाव, निम्म्यांना दुसरीचं. 1600 जणांना बरोबर उत्तर मिळालं. पुढच्या वेळी फक्त त्यांनाच पाठवा. 800, 400, 200, 100. पाच सामन्यांनंतर शंभर माणसं अशी उरतात ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी सलग पाच अचूक अंदाज पाहिले. सहाव्याचे पैसे त्यांच्याकडे मागितले जातात. फिक्स असलेला सामना विकतो म्हणणाऱ्यांची पद्धतही बहुधा हीच.

मुंबईत टेनिसवर सट्टा लावणं कायदेशीर आहे का?

नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यात पैज लावणं हाही जुगारच, अपवाद परवानाधारक रेसकोर्सवरच्या शर्यतींचा. कॅसिनोसाठी राज्यात 1976 मध्ये एक कायदा झाला होता, तो अंमलात न येताच 2023 मध्ये रद्द करण्यात आला.

ऑनलाइनचा प्रश्न केंद्राच्या 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने आणखी स्पष्ट केला. त्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवण्यावर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 50 लाखांपर्यंत दंड. त्यांचे पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्यांनाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण राज्याचा कायदा वेगळा आहे हे विसरू नये.

महालक्ष्मीला घोड्यांवर चालतं, मग टेनिसवर का नाही?

घोड्यांच्या शर्यतींसाठी राज्याचा 1912 चा परवान्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. टेनिससाठी तसा परवाना इथे अस्तित्वातच नाही.

अ‍ॅप उघडतं, यूपीआयने पैसेही जातात. मग अडचण कुठे?

पैसे जातात ते बहुधा कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात. त्या खात्यावर सायबर पोलिसांची नजर गेली की साखळीतली पुढची खातीही गोठवली जातात, त्यात तुमचं पगाराचं खातं असू शकतं. मग ते सोडवण्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या पोलिस ठाण्याच्या चकरा.

जिंकलेली रक्कम अडकली तर दादही मागता येत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक आहे, त्यावर वसुलीचा दावा चालत नाही. आणि पैसे आलेच तर त्यावर सरसकट 30 टक्के कर आहे. फसवणूक झाली असेल तर 1930 या सायबर क्रमांकावर लगेच फोन करा, पहिले काही तास मोलाचे असतात.

या दर्जाच्या स्पर्धांत सामने ठरवून खेळले जातात का?

टेनिसमधला हा जुना रोग आहे आणि तो खालच्या पायऱ्यांवर जास्त आहे, हे 2018 मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने स्पष्ट लिहिलं. बेल्जियममध्ये 180 हून अधिक खेळाडूंपर्यंत पोहोचलेली एक टोळी उघड झाली आणि तिच्या म्होरक्याला 2023 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. पंचांनी स्कोअर उशिरा टाकून सट्टेबाजांना फायदा करून दिल्याची प्रकरणंही सिद्ध झाली आहेत. 2021 पासून आंतरराष्ट्रीय टेनिस इंटेग्रिटी एजन्सी यावर लक्ष ठेवते. खेळाडूंना आणि पंचांना जगात कुठेही टेनिसवर पैसे लावायला बंदी आहे, आणि शिक्षा आजन्म बंदीपर्यंत जाऊ शकते.

कारण समजून घ्या. अशा संपूर्ण स्पर्धेची बक्षिसं एक-सव्वा लाख डॉलरच्या आसपास, तीही एकेरी, दुहेरी, पात्रता सगळ्यांत वाटली जातात. विमान, प्रशिक्षक हा खर्च खेळाडूचा. पहिल्या फेरीत हरणारी अनेकदा पदरचे पैसे घालून परत जाते. अशा मुलीला एका गेमसाठी मोठी रक्कम देऊ करणारा दलाल कुठून येतो? सट्ट्याच्या बाजारातून. म्हणून पैसे लावणारा स्वतःला कितीही बाहेरचा समजो, त्याच्याच पैशावर तो दलाल जगतो. तरीही बहुसंख्य खेळाडू प्रामाणिकपणे खेळतात. वाईट खेळलेला प्रत्येक सामना संशयाने बघणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मी शंभर-दोनशे रुपयेच लावतो. त्याने कुणाचं काय बिघडतं?

हरल्यावर लोक काय करतात ते पाहा. डब्ल्यूटीए आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2024 या वर्षाचा अहवाल प्रसिद्ध केला. समाजमाध्यमांवर 458 खेळाडूंना उद्देशून सुमारे 8000 शिवीगाळीचे, धमक्यांचे संदेश सापडले आणि त्यातले 40 टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांचे होते. फ्रान्सची कॅरोलिन गार्सिया आणि ब्रिटनची केटी बोल्टर यांनी स्वतःला आलेले संदेश उघड केले, त्यात घरच्यांच्या मरणाची भाषा होती. नावाजलेल्या खेळाडूंमागे माणसं तरी असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने रात्री हॉटेलच्या खोलीत एकटीने तो फोन उघडायचा, हे मला सहन होत नाही. ती सामना हरली, तिने तुमचं काही देणं बुडवलेलं नाही.

मग पैशाशिवाय अंदाजाला रंगत कशी आणायची?

आम्ही मित्रमैत्रिणी एक खेळ खेळतो. सामन्याआधी प्रत्येकाने नुसतं नाव न सांगता टक्के लिहायचे. समजा तुम्ही एकीला 70 टक्के दिले. ती जिंकली तर 1 वजा 0.7 म्हणजे 0.3, त्याचा वर्ग 0.09. हरली तर 0.7 चा वर्ग 0.49. हे तुमचे दंडाचे गुण. आठवड्याच्या शेवटी ज्याची सरासरी सगळ्यात कमी तो पहिला. सगळीकडे डोळे मिटून 50 टक्के लिहिणाऱ्याला दर वेळी 0.25 पडतात, तेव्हा सरासरी त्याखाली आणणं हे पहिलं आव्हान. 90 टक्के लिहून हरलात तर 0.81 बसतात, त्यामुळे फुशारकी आपोआप कमी होते. एकेरीच्या 31 सामन्यांनंतर कोण खरंच खेळ बघतो आणि कोण फक्त नावं बघतो हे वहीतच दिसतं. मुलांनाही घ्या, शाळेतल्या टक्केवारीचा हा चांगला उपयोग आहे.

घरातलं कुणी यात अडकलं असेल तर?

लपवलेलं कर्ज, रात्री उशिरापर्यंत फोन, एकदाच भरून काढतो असं पुन्हा पुन्हा सांगणं, ही ओळख. त्याचं कर्ज एकरकमी फेडून विषय मिटवू नका. बहुतेक वेळा तोच पैसा पुन्हा सट्ट्यात जातो. घरखर्चाचं खातं वेगळं करा आणि डॉक्टरांकडे न्या. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. शरम वाटून उशीर करू नका.

स्पर्धा संपल्यावर अंदाजांची वही टाकून द्यायची का?

मुळीच नाही. या पायरीवरच्या खेळाडू पुन्हा पुन्हा भेटतात. 2017 ची उपविजेती याकुपोविच 2024 मध्ये परत आली आणि सबरिना सांतामारियासोबत दुहेरी जिंकून गेली. कुणाची दुसरी सर्व्ह वाऱ्यात तुटली, कोण पहिला सेट हरूनही खांदे पाडत नाही, कुणाला दुपारचं ऊन सोसलं नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ड्रॉ हातात पडेल तेव्हा जे कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही, ते तुमच्याकडे असेल. आणि पात्रता फेरीच्या दिवशी सकाळीच या. बाजूच्या कोर्टला तेव्हा गर्दी नसते आणि प्रशिक्षक खेळाडूला काय सांगतो तेही ऐकू येतं.